पृथ्वीचा कापलेला गोल आणि खडकांची पेटी : एका शैक्षणिक संचाचे परीक्षण

पृथ्वीची अंतर्गत रचना शिकवण्यासाठी तयार केलेल्या संचांचा आराखडा बहुतेक वेळा एकसारखाच असतो. चतुर्थांश भाग कापून काढलेला पृथ्वीगोल, भूपट्टांचे जुळवायचे तुकडे, खडकांच्या नमुन्यांची पेटी आणि एक माहितीपुस्तिका. मी तपासलेला संचही याच घडणीचा आहे. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असून पेटीत खडकांचे २४ नमुने, एक भिंग आणि एक ताणकाटा आहे. खोक्यावर गोलाचेच मोठे चित्र छापलेले आहे आणि घेणाराही गोल पाहूनच संच घेतो, यात नवल नाही. माझे मत मात्र असे झाले आहे की, गोल हा या संचाचा कच्चा भाग आहे आणि ज्या पेटीकडे कोणाचे लक्ष जात नाही ती त्याचा पक्का भाग आहे. इतकेच नव्हे, तर गोल जे चुकीचे शिकवतो त्यातले बरेचसे ती पेटी खोडून काढते.

आधी गोलाच्या जमेच्या बाजू सांगायला हव्यात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर या गोलावरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ४२.५ किलोमीटर होतात. हे प्रमाण घेऊन कापलेल्या भागावर पट्टी लावली असता गाभ्याचे काम काटेकोर असल्याचे दिसते. प्रावरण (कवच आणि गाभा यांमधला जाड थर) आणि गाभा यांची सीमा २,८९० किलोमीटर खोलीवर आहे, म्हणून ती गोलाच्या पृष्ठभागापासून ६.८ सेंटिमीटर आत यायला हवी आणि ती बरोबर तेथेच येते. अंतर्गाभ्याची त्रिज्या १,२२० किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचा सुटा निघणारा गोळा पावणेसहा सेंटिमीटर व्यासाचा केला आहे, तेही योग्यच. गाभा एवढा मोठा असतो याची अनेकांना कल्पना नसते. त्याची त्रिज्या ३,४८० किलोमीटर, म्हणजे मंगळाच्या त्रिज्येपेक्षाही थोडी अधिक आहे. तो पृथ्वीच्या आकारमानाचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापतो, पण वस्तुमानाचा जवळपास तिसरा हिस्सा त्याच्याकडे आहे. चित्रांमध्ये गाभा बहुधा अंदाजाने काढलेला असतो. येथे तो मोजून केलेला आहे, ही दाद देण्याजोगी गोष्ट आहे.

कवचापाशी मात्र हा काटेकोरपणा संपतो. कापलेल्या कडेवर भूकवचाचा तपकिरी पट्टा ८ मिलिमीटर जाडीचा रंगवला आहे. गोलाच्या प्रमाणात ही जाडी ३४० किलोमीटर झाली. प्रत्यक्षात खंडांखालील कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असते, सर्वांत उंच पर्वतप्रदेशांखाली ते ७० किलोमीटरपर्यंत जाते आणि महासागरांखाली ६-७ किलोमीटरच भरते. याचा अर्थ खंडीय कवच या गोलावर एक मिलिमीटरही जाड असायला नको आणि महासागरी कवच तर गोलाला दिलेल्या निळ्या रंगाच्या लेपाएवढेच असायला हवे. इतकी बारीक रेघ दिसणार नाही, असे निर्माता म्हणेल आणि ते मान्यही करता येईल. पण कवचाची जाडी प्रमाणात नाही, एवढी एक ओळ गोलाच्या बैठकीवर छापायला काय हरकत होती? त्यातही अधिक खटकते ते हे की, हा पट्टा पर्वताखालीही तेवढाच जाड आहे आणि सागराखालीही. उंच पर्वतांखाली कवच खोलवर उतरलेले असते, झीज होऊन वरचा भार कमी झाला की ते सावकाश वर उचलले जाते, हा समतोलाचा विचार जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्येच मांडला होता. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर स्कँडिनेव्हियाचा काही भाग आजही वर्षाला एक सेंटिमीटरपर्यंत उचलला जात आहे. जाडी प्रमाणात नसली तरी निदान कमी-जास्त दाखवली असती, तर हे सगळे त्या एका रेघेवर समजावता आले असते.

पृष्ठभागावरचे उठावही असेच फसवे आहेत. हिमालयाची रांग बोटाला लागेल अशी जवळजवळ ४ मिलिमीटर उंच केली आहे. एव्हरेस्टची ८,८४९ मीटर उंची या प्रमाणात ०.२ मिलिमीटर होते. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे म्हणून जो फरक सांगितला जातो, तोही त्रिज्येत २१ किलोमीटरचा, म्हणजे गोलावर अर्ध्या मिलिमीटरचा आहे. गोलाचे दोन अर्ध जेथे चिकटवले आहेत तेथील सांधा त्याहून जास्त उंचसखल आहे. रशियातील कोला येथील छिद्र १२,२६२ मीटर खोल गेले, ते पुस्तिकेत अभिमानाने सांगितले आहे आणि गोलावर एका टाचणीने दाखवलेही आहे. ती टाचणी निम्म्या कवचात शिरली आहे. खऱ्या प्रमाणात ती पाव मिलिमीटरच्या किंचित पुढे जाऊन थांबली असती, आणि माणसाने पृथ्वीला प्रत्यक्ष किती कमी खोदले आहे हे न सांगता कळले असते.

याहून गंभीर दोष प्रावरणाच्या रंगाचा आहे. तांबडा, नारिंगी आणि पिवळा अशा छटा देऊन ते असे रंगवले आहे की, कवचाखाली सगळीकडे लाव्हा उकळत असावा असेच पाहणाऱ्याला वाटते. हा गैरसमज आधीच इतका रुजलेला आहे की, तो काढून टाकणे हे अशा संचाचे पहिले काम असायला हवे होते. प्रावरण घन खडकाचे आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या खुशाल जातात; एवढा एकच पुरावा त्यासाठी पुरेसा आहे. हा घन खडक वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकत राहतो हे खरे आहे, परंतु हिमनदीतला बर्फही घनच असतो आणि तरी तो उतारावरून वाहतो. आतल्या प्रचंड तापमानातही खडक वितळत नाही, कारण खोलीबरोबर दाब वाढतो आणि दाबाबरोबर खडकाचा वितळण्याचा बिंदूही चढत जातो. शिलारस तयार होतो तो ठरावीक ठिकाणीच. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली वर येणाऱ्या खडकावरचा दाब उतरतो तेथे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरताना आपल्याबरोबर नेलेले पाणी वरच्या खडकात सोडतो आणि त्यामुळे तो कमी तापमानाला वितळतो तेथे. किंवा हवाई बेटांसारख्या जागी, जेथे खोलातून अधिक तप्त खडक वर चढत येतो. अशा ठिकाणीदेखील खडकाचा लहानसा अंशच वितळतो. पुस्तिकेत प्रावरण घन असल्याचे एक वाक्य आहे, नाही असे नाही. पण डोळ्यांसमोर तांबडाभडक गोल ठेवल्यावर त्या वाक्याला कोण विचारतो?

अंतर्गाभ्याच्या गोळ्यात एक चुंबक बसवला आहे. होकायंत्राची सुई गोलाभोवती फिरवली की विषुववृत्तापाशी ती पृष्ठभागाला समांतर राहते आणि ध्रुवाकडे नेताना खाली झुकू लागते. हे प्रात्यक्षिक देखणे आहे आणि चुंबकीय क्षेत्राचा आकार समजावण्यासाठी मी ते जरूर वापरेन. मात्र क्षेत्राचे कारण समजावण्यासाठी ते निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर कायमचे चुंबकत्व टिकवू शकत नाही आणि गाभ्याचे तापमान त्याच्या कितीतरी पट, पाच हजार अंशांच्या घरात आहे. तेथे चुंबक असूच शकत नाही. क्षेत्र निर्माण होते ते बाह्यगाभ्यातील द्रवरूप लोखंडाच्या हालचालींतून आणि त्यांत वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांतून, म्हणजे चुंबक ज्या भागात ठेवला आहे त्याच्या बाहेरच्या थरात. हे क्षेत्र स्थिरही नसते. त्याच्या उत्तर-दक्षिण दिशांची अदलाबदल इतिहासात अनेकदा झाली असून शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची आहे. कायमच्या चुंबकाच्या गोळ्याने ही गोष्ट कशी सांगणार?

पुस्तिकेचा दर्जा मध्यम आहे. भूकंपलहरींवरचे प्रकरण मात्र मन लावून लिहिलेले आहे, आणि या विषयाचा कणा तोच असल्याने त्याबद्दल थोडे अधिक लिहितो आहे. पृथ्वीच्या आत कोणीही गेलेले नसताना आपल्याला तिचे थर कसे कळले, हा प्रश्न प्रकरणाच्या सुरुवातीलाच विचारला आहे. क्रोएशियात १९०९ मध्ये झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासताना आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना आढळले की, दूरच्या केंद्रांवर काही लहरी अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचतात. त्या खालच्या, अधिक वेगाने लहरी वाहून नेणाऱ्या खडकातून फेरा घेऊन येत असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कवच आणि प्रावरण यांमधील सीमा अशी सापडली. त्याच्या तीन वर्षे आधी रिचर्ड ओल्डहॅम यांनी पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले होते. येथपर्यंत पुस्तिका नीट चालते. पुढे ती अंतर्गाभ्याचा उल्लेख करते, पण तो शोधणाऱ्या इंगे लेहमान यांचे नाव घेत नाही. भूकंपकेंद्रापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात प्राथमिक लहरींची सावली पडते, म्हणजे तेथे त्या थेट पोहोचत नाहीत. त्या सावलीत मुळीच येऊ नयेत अशा क्षीण लहरी न्यूझीलंडच्या १९२९ मधील भूकंपाच्या नोंदींत लेहमान यांना दिसल्या आणि त्यांवरून द्रव गाभ्याच्या आत आणखी एक सीमा असल्याचे त्यांनी १९३६ मध्ये मांडले. इतक्या सुंदर तर्काला पुस्तिकेत जागा मिळू नये, याचे वाईट वाटते. शिवाय सोबतच्या आकृतीत लहरींचे मार्ग सरळ रेषांनी काढले आहेत. खोलीबरोबर लहरींचा वेग वाढत जातो, म्हणून त्यांचे मार्ग वक्र होऊन पुन्हा पृष्ठभागाकडे वळतात. सरळ रेषांनी ती सावली कशी पडते हे नीट उलगडत नाही.

भूपट्टांच्या जुळणीबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. सात मोठे आणि आठ छोटे तुकडे आहेत, ते पुठ्ठ्याचे असले तरी मजबूत आहेत आणि दक्षिण अमेरिकेचा पट्ट खंडाच्या किनाऱ्यावर न संपवता अटलांटिकच्या मध्यापर्यंत नेला आहे, जे बरोबर आहे. जुळणी सपाट फलकावर असल्याने अंटार्क्टिकाचा पट्ट खालच्या कडेला लांबलचक पट्टीसारखा ताणला गेला आहे, त्याला इलाज नाही. खरा आक्षेप बाणांवर आहे. प्रत्येक पट्टाच्या गतीची दिशा दाखवणारे बाण एकाच लांबीचे काढले आहेत. अटलांटिकच्या दोन्ही बाजू वर्षाला २-३ सेंटिमीटरने दूर जातात, तर पूर्व पॅसिफिकच्या पर्वतरांगेवर काही ठिकाणी हा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो. बाणांची लांबी या प्रमाणात ठेवली असती तर पॅसिफिकभोवती भूकंप आणि ज्वालामुखी इतके दाटीने का आहेत, याचे अर्धे उत्तर फलकावरच मिळाले असते. सागरतळाचे वय रंगांनी दाखवले असते तर आणखी बरे झाले असते, कारण समुद्रतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये लावला, तेव्हापासून खंड सरकतात या आल्फ्रेड वेगेनर यांच्या १९१२ च्या कल्पनेला खरा आधार मिळू लागला.

आता पेटीविषयी. नमुने साधारण चार-पाच सेंटिमीटर लांबीचे, ताज्या तुटलेल्या पृष्ठभागाचे आहेत. गुळगुळीत घासून चकचकीत केलेले नाहीत, याबद्दल निवड करणाऱ्याचे आभार मानायला हवेत. ग्रॅनाइटच्या तुकड्यात गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि काळ्या अभ्रकाच्या पापुद्र्या भिंगाशिवायही वेगळ्या ओळखता येतात. शिलारस खोलवर सावकाश थंड झाला म्हणजे स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो, हे त्या तुकड्याकडे पाहून पटते. शेजारच्या बेसाल्टमध्ये भिंग लावूनही दाणे सुटे दिसत नाहीत आणि ऑब्सिडियनमध्ये तर दाणे नाहीतच. ती निव्वळ ज्वालामुखीची काच आहे आणि तिच्या तुटलेल्या कडेवर शिंपल्यासारख्या वक्र रेषा उमटलेल्या आहेत. प्युमिसचा तुकडा पाण्यावर तरंगतो. हे चारही खडक शिलारसापासूनच झाले आहेत, त्यांच्या रासायनिक घटकांत फरक आहेच, परंतु थंड होण्याचा वेग खडकाचे रूप किती बदलतो हे दाखवायला याहून चांगली मांडणी सुचणार नाही.

पेटीतला सर्वांत मोलाचा नमुना माझ्या मते एकोणिसाव्या कप्प्यात आहे. काळ्या बेसाल्टमध्ये अडकलेला, साखरेसारख्या रवाळ पोताचा, पोपटी हिरवा गोळा. हा पेरिडोटाइट आहे, त्यातला हिरवा रंग ऑलिव्हिन या खनिजाचा आहे आणि तो प्रावरणाच्या वरच्या भागातून वर येणाऱ्या शिलारसाबरोबर खेचला गेलेला तुकडा आहे. तांबडाभडक प्रावरण दाखवणाऱ्या गोलाच्या शेजारीच, त्याच संचात, प्रावरणाचा खराखुरा हिरवा तुकडा ठेवलेला असावा आणि पुस्तिकेने या दोहोंची गाठ घालून देऊ नये, याला काय म्हणावे? त्या कप्प्यावर नुसते ‘पेरिडोटाइट’ एवढेच लिहिले आहे.

ताणकाट्याचा उपयोग पुस्तिकेने एका परिच्छेदात उरकला आहे, वास्तविक संचातला सर्वोत्तम प्रयोग तोच आहे. नमुना दोऱ्याने काट्याला टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलायचा. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागले की घनता मिळते. ग्रॅनाइटची पाण्याच्या २.७ पट, बेसाल्टची ३ पटींच्या आसपास आणि पेरिडोटाइटची ३.३ पट येते. आता हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये प्रयोगशाळेत काढलेली संपूर्ण पृथ्वीची घनता आठवावी. ती पाण्याच्या ५.४८ पट होती. आजची संख्या ५.५१ आहे. हाताला लागणारा कोणताही सामान्य खडक त्या संख्येच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणजे आत काहीतरी बरेच जड असलेच पाहिजे. पेटीत लोखंड-निकेल मिश्रधातूचा एक छोटा ठोकळाही दिला आहे. त्याची घनता ८ च्या जरा अलीकडे येते. गाभ्यात तीच धातू लाखो वातावरणांच्या दाबाखाली आवळली गेल्याने १० ते १३ पर्यंत जाते. भूकंपलहरींचे आलेख न पाहता, एक काटा आणि पाण्याचे भांडे एवढ्यावर गाभ्यापर्यंत जाता येते, हे या पेटीचे खरे यश आहे. दुर्दैवाने दिलेला काटा या कामाला अपुरा पडतो. त्यावरच्या खुणा दोन-दोन ग्रॅमच्या आहेत, आणि ८० ग्रॅमच्या तुकड्याच्या दोन वजनांतला फरकच ३० ग्रॅमच्या घरात असतो; एका ग्रॅमची चूकही ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांतले अंतर बरेचसे पुसून टाकते. खाली हूक असलेला इलेक्ट्रॉनिक काटा जवळ असेल तर तो वापरावा.

रूपांतरित खडकांची रांगही उत्तम लावली आहे. शेल, पाटीचा दगड, फिलाइट, शिस्ट आणि नीस असे पाच तुकडे ओळीने आहेत. एकच चिखलाचा खडक वाढत्या उष्णतेत आणि दाबात कसा बदलत जातो, हे तो क्रम दाखवतो. शेल हाताने कुसकरतो, पाटी टणत्कार करते, फिलाइटवर रेशमी चकाकी येते, शिस्टमध्ये अभ्रकाच्या पापुद्र्यांमधून गार्नेटचे लालसर दाणे डोकावतात आणि नीसमध्ये गडद-फिकट पट्टे वेगळे होतात. नीस चिखलापासूनच होतो असे नाही, तो ग्रॅनाइटपासूनही होतो; पुस्तिकेने तेवढे सांगायला हवे होते. कॅनडातील अकास्टा येथील नीस ४ अब्ज वर्षांहून जुना आहे, तर समुद्रतळाचा बहुतेक सर्व भाग २० कोटी वर्षांच्या आतला आहे, कारण जुना तळ खोल सागरी खंदकांतून सतत पृथ्वीच्या आत जात राहतो. रूपांतराचे प्रकरण लिहिताना हा विरोधाभास मांडला असता तर भूपट्टांचा भाग आणि खडकांचा भाग एकमेकांना जोडले गेले असते.

याच रांगेच्या टोकाला एक चूक आहे. माझ्याकडे आलेल्या पेटीत ‘संगमरवर’ अशी चिठ्ठी लावलेल्या तुकड्यावर सुरीचे टोक ओढले असता ओरखडा उमटला नाही, उलट पोलादाची काळपट रेघच दगडावर राहिली. विरल आम्लाचा थेंब टाकला तरी फेस आला नाही. संगमरवर मोहसच्या कठीणपणाच्या श्रेणीत ३ वर आहे, सुरी ५.५ च्या जवळ; सुरीला न बधणारा पांढरा दगड तो असू शकत नाही. तो क्वार्टझाइट, म्हणजे वालुकाश्मापासून झालेला रूपांतरित खडक, होता आणि ‘क्वार्टझाइट’ या चिठ्ठीखाली संगमरवर निघाला. दोन्ही पांढरे आणि रवाळ, म्हणून पेटी भरणाऱ्याची गल्लत झाली असावी. एरवी याचा राग आला असता, पण चिठ्ठीवर विसंबून न राहता खडक स्वतः तपासावा हे शिकवायला ही अदलाबदल आयतीच हाती आली.

पृष्ठभागावरच्या प्रक्रियांची संचाने अगदीच उपेक्षा केली आहे. विदारण, नद्या, वारा, हिमनद्या आणि सागरी लाटा या सगळ्यांना मिळून पुस्तिकेची दोन पाने आली आहेत. जमिनीला आजचे रूप देण्यात आतल्या शक्तींइतकाच यांचा वाटा आहे, त्यामुळे ही कसर लहान नाही. सुदैवाने येथेही पेटी थोडी भरपाई करते. वालुकाश्माचा तुकडा भिंगाखाली धरला की जवळजवळ सगळे दाणे क्वार्ट्झचे दिसतात. ग्रॅनाइटमध्ये सर्वाधिक असलेला फेल्डस्पार येथे कोठे गेला? पाणी आणि हवा यांच्या संपर्कात तो कुजून त्याची चिकणमाती झाली आणि ती आणखी पुढे वाहून गेली. चिवट क्वार्ट्झ तेवढा वाळू होऊन मागे राहिला. पिंडाश्मातले गोटे गोल घासलेले आहेत, म्हणजे ते पाण्याबरोबर बरेच गडगडले आहेत. विदारण झालेल्या, बोटाने दाणे सुटतील अशा ग्रॅनाइटचा एखादा तुकडा सोबत दिला असता तर ही साखळी पुरी झाली असती. स्कॉटलंडच्या सिकार पॉइंट येथे उभ्या ठाकलेल्या जुन्या थरांवर आडवे नवे थर पाहून १७८८ मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटन यांना काळाची खोली जाणवली; त्या थरांचे छायाचित्र पुस्तिकेत आहे, पण खाली केवळ स्थळाचे नाव आहे. खालचे थर साचणे, खडक होणे, कलणे, वर उचलले जाणे, झिजणे आणि मग त्यांवर नवे थर बसणे, इतका सगळा इतिहास त्या एका छायाचित्रात आहे.

ज्यांना वर्गात मांडून ठेवण्यासाठी केवळ गोल हवा आहे, त्यांनी हा संच घेऊ नये. गाभ्याची मापे बरोबर असली तरी प्रावरणाचा रंग आणि कवचाची जाडी पुढची अनेक वर्षे निस्तरावी लागेल. घेतलाच, तर कापलेल्या भागातील प्रावरणावर हिरवट करडा रंग मारून घ्यावा. ज्यांना मुलांच्या हातात खडक द्यायचे आहेत आणि काटा, भिंग, सुरी घेऊन त्यांच्याबरोबर बसायची तयारी आहे, त्यांनी मात्र पेटीसाठी हा संच जरूर घ्यावा. पेटी वेगळी मिळण्याची सोय निर्मात्याने केली तर सर्वांत उत्तम. आणखी एक सूचना वापरणाऱ्यांसाठी आहे. नमुन्यांचे क्रमांक कागदी चिठ्ठ्यांवर असून त्या कप्प्यांना चिकटवलेल्या आहेत, दगडांना नव्हे. एकदा तुकडे बाहेर काढून मिसळले की कोणता कोठला हे कळणे अवघड होते. पहिल्याच दिवशी प्रत्येक तुकड्याच्या कमी महत्त्वाच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्यावा, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि वरून पारदर्शक वार्निशचा एक हात फिरवावा. संगमरवर आणि क्वार्टझाइट यांचे क्रमांक लिहिण्याआधी सुरीची परीक्षा घ्यायला विसरू नये.